समासातल्या तीन ओळी

जानेवारीतल्या एका गुरुवारचं बसनोंदीचं पान गेला महिनाभर डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

मी टेक्सासमधल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, कचेरीत मेडिकेडचे क्लेम बघते. मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नाच्या आणि दिव्यांग लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा; क्लेम म्हणजे त्याच्याकडे केलेली खर्चाची मागणी. नऊ वर्षं झाली. दिव्यांग मुलांना मोफत शिक्षण देणं इथे १९७५ च्या कायद्याने बंधनकारक झालं आणि शिकण्यासाठी लागणारी ने-आणही त्यातच आली. त्यामुळे पैसे कुठूनही येवोत अगर न येवोत, बस दारात जातेच. पण मुलाच्या आयईपीमध्ये, म्हणजे त्याच्यापुरत्या आखलेल्या शिक्षणाच्या आराखड्यात, ज्या आरोग्यसेवा लिहिलेल्या असतात त्यांचा खर्च १९८८ पासून मेडिकेडकडे मागता येतो. आमच्या राज्यात शंभर डॉलरमागे साठच्या आसपास केंद्राकडून परत येतात, उरलेले डिस्ट्रिक्टच्या खिशातले. आईवडिलांना एक पैसा पडत नाही. तरी मेडिकेडकडे खर्च मागायच्या संमतीच्या कागदावर सही करताना अनेकांचा हात अडखळतो आणि त्याबद्दल मी त्यांना कधीच दोष दिला नाही. तो कागद लिहिणाऱ्याने एकदा तरी एखाद्या आईसमोर बसून तो वाचून दाखवायला हवा.

बसची फेरी क्लेममध्ये धरायची तर नियम कडक आहेत. आयईपीत खास वाहतूक नोंदलेली हवी. गाडीत लिफ्टसारखे बदल केलेले हवेत, साधी पिवळी बस चालत नाही. मूल त्या दिवशी खरोखर बसमध्ये बसलेलं हवं. आणि बाहेरच्यांना कधीच सुचणार नाही अशी अट म्हणजे, त्याच दिवशी शाळेत त्याला मेडिकेडला मान्य असलेली दुसरी एखादी सेवा मिळालेली हवी. जाण्याची एक फेरी, येण्याची एक. मी रोज बसची नोंद, शाळेची हजेरी आणि थेरपिस्टच्या टिपा अशी तीन पानं शेजारी ठेवून तारखा जुळवते. कुठल्या ड्रायव्हरने आठवड्याच्या खुणा शुक्रवारी एकदम केल्यात हे मला शाईवरून कळतं. अशी पानं मी परत पाठवते, मग समोरच्याला कितीही राग येवो.

त्या गुरुवारचं पान तसं नव्हतं. ते ड्रायव्हर साठीच्या पुढचे आहेत, अक्षर बारीक, नोंद रोजच्या रोज. त्या दिवशी खुणेशेजारी समासात त्यांनी तीन ओळी लिहिल्या होत्या: 'लिफ्ट अर्ध्यावर अडकली. हातपंपाने वर घेतली, ३५ मिनिटं. पाऊस. मॉनिटरने स्वतःचं जाकीट मुलीला घातलं.' मॉनिटर म्हणजे बसमध्ये मुलांवर लक्ष ठेवायला असलेली व्यक्ती.

मुलगी अकरा वर्षांची. सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअर स्वतः चालवते, डबा स्वतः उघडते, वर्गात कुणाची मदत घेत नाही. म्हणून तिच्या आयईपीत रोजची मदतनीस नाही. मेडिकेडला चालेल अशी सेवा म्हणजे मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी स्पीच थेरपी, तेवढीच. म्हणजे तिच्या आठवड्याच्या दहा फेऱ्यांपैकी चारच धरता येतात. मूल जितकं स्वावलंबी, तितके आमच्या हिशेबातले त्याचे दिवस कमी. हे मला नऊ वर्षांत पटलेलं नाही.

त्या दिवशी ती पोचली तेव्हा थेरपीची वेळ टळून गेली होती. टिपेत एकच ओळ, 'सत्र झालं नाही, विद्यार्थिनी उशिरा आली.' झालं, दोन्ही फेऱ्या बाद. जिच्यासाठी लिफ्टची बस लागते, तिचा दिवस लिफ्टमुळेच बाद.

साहेब म्हणाले, ''दुपारी काही घेतलं असेल, विचारून तर बघ.'' त्यात गैर काही नव्हतं. बुडालेलं सत्र थेरपिस्ट भरून काढतात, कधी नोंदवायचं राहतं. मी फोन केला.

थेरपिस्ट क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ''सत्र नाही घेतलं गं. पण जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली आणि लिफ्टची अख्खी हकिकत तिने मला सांगितली. आधी काय झालं, मग काय झालं, ओळीने. मी मध्ये एकदाही शब्द पुरवला नाही. वर्षभर आम्ही हेच तर करतोय.'' थोडं थांबून तिने विचारलं, ''लिहू का?''

तीन आठवडे उलटले होते. टिपेत सत्र सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लागते, उद्दिष्ट लागतं, प्रगती लागते. आजची तारीख घालून, 'उशिरा केलेली नोंद' असं स्पष्ट म्हणून तिला लिहिता आलं असतं. पण घड्याळाकडे तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं. वेळ आता अंदाजाने घातली असती. मी म्हटलं, ''नको.''

ते 'नको' बरोबर होतं असं सकाळी वाटतं. रात्री वाटतं, त्या पोरीने वर्षभराच्या मेहनतीने मिळवलेली गोष्ट मी एका शब्दात नोंदीबाहेर ठेवली. निदान तिच्या फाइलसाठी तरी, बिलासाठी नव्हे, ते लिहून ठेव असं मी सांगायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करून सांगितलं. तिने ते आधीच लिहिलं होतं.

दोन्ही फेऱ्या मी खोडल्या. रक्कम थोडी होती, पण वर्षअखेरीच्या खर्चाच्या हिशेबात अशी एकेक फेरी मोजली जाते आणि लिफ्टच्या देखभालीचे पैसेही त्याच थैलीतून यायचे असतात. त्या बसच्या लिफ्टबद्दल ड्रायव्हरने आधी दोनदा लेखी तक्रार केली होती. ते कागद मी शोधून काढले आणि साहेबांच्या टेबलावर ठेवले. आता लिफ्ट दुरुस्त झाली आहे.

दरम्यान ड्रायव्हर कचेरीत आले. टोपी हातात. ''मॅडम, माझी नोंद चुकली का?'' मी म्हटलं, ''तुमची नोंद सगळ्यात चांगली आहे.'' त्यांना ते खरं वाटलं नसावं, कारण फेऱ्यांवरची माझी लाल रेघ त्यांना दिसत होती.

पुढच्या वर्षी बसमध्ये टॅबलेट येणार आहेत. चढली, उतरली, दोन बटणं. समास नाही. मी शेरा लिहायला एक रकाना मागितला आहे, उत्तर आलेलं नाही.

ते पान स्कॅन करून ठेवायला गेले तेव्हा मशीनने कडा कापली, ओळींची शेवटची अक्षरं गेली. मी पान नव्वद टक्क्यांवर लहान केलं आणि पुन्हा घातलं. या वेळी जाकिटाची ओळ पूर्ण आली.