विद्युतधारेचा धडा आणि साधनांची निवड: माझा अनुभव

गेल्या वर्षापर्यंत माझा क्रम उलटा होता. कुणीतरी एखादं नवं ॲप सुचवायचं, मला ते आवडायचं आणि मग ते कोणत्या धड्यात बसवता येईल हे मी शोधत बसायचे. सातवीच्या वर्गात ४२ मुलं. हाताशी शाळेचे ७ टॅब, एक प्रोजेक्टर आणि माझा फोन. एवढ्यावर मी वर्षभरात ११ ॲप वापरली. प्रत्येक वेळी मुलांना नवा पासवर्ड, नवी बटणं. ३५ मिनिटांच्या तासातली १० मिनिटं लॉगिनमध्येच जायची. मागच्या बाकांवरची मुलं तेवढ्यात धड्यापासून लांब गेलेली असायची आणि ते मला फार लागायचं.

यंदा एका धड्यापुरतं ठरवलं की साधनाचं नाव आधी घ्यायचंच नाही. धडा होता विद्युतधारेचा. मुलं प्रत्येक टप्प्यावर नेमकं काय करणार, ते आधी लिहायचं. डिजिटल साधनांनी शिकण्याच्या अभ्यासक डायना लॉरिलार्ड यांची मांडणी इथे मला फार उपयोगी पडली. त्या शिकण्याचे सहा प्रकार सांगतात: ऐकून-वाचून समजून घेणं, शोध घेणं, चर्चा करणं, सराव करणं, मिळून काम करणं आणि स्वतः काही घडवणं. मी वहीत सहा रकाने आखले आणि आधी जुनी ११ ॲप त्यांत भरली. आठ ॲप एकट्या सरावाच्या रकान्यात गेली. म्हणजे ॲप बदलत होती, पण मुलं वर्षभर एकच काम करत होती, चार पर्यायांतून एक निवडण्याचं. शोध आणि घडवणं हे दोन रकाने तर कोरेच होते. ते पान बघून मी बराच वेळ गप्प बसले.

विद्युतधारेत मुलांची एक समजूत फार चिवट असते: बल्ब धारा 'खातो', म्हणून बल्बच्या पुढे ती कमी होते. मी हे दरवर्षी फळ्यावर खोडून काढते आणि परीक्षेत ते पुन्हा उगवतं. तेव्हा पहिलं काम ठरलं, अंदाज बांधायला लावणं. प्रत्येकाने, आणि शेजाऱ्याकडे न बघता. हात वर करायला सांगितलं की मुलं हुशार मुलांचे हात बघून आपले वर करतात. म्हणून प्लिकर्स या ॲपची छापील कार्डं घेतली. चौकोनी काळी आकृती, चार बाजूंना चार अक्षरं. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं, मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि सगळी उत्तरं माझ्याकडे येतात. मुलांच्या हातात फक्त कागद. पहिल्या दिवशी सहा-सात कार्डं काही केल्या वाचली जाईनात. दोन मुलांची बोटं काळ्या भागावर होती, बाकीची खिडकीजवळची होती. मी हौसेने चकचकीत लॅमिनेशन केलं होतं आणि त्यावर उजेड चमकत होता. दुसऱ्या दिवशी साध्या जाड कागदावर नवी काढली.

बल्बच्या आधी आणि नंतर धारा सारखीच, हे उत्तर १४ जणांनी दिलं. म्हणजे ३३ टक्के. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझुर यांनी रुजवलेल्या पद्धतीत, बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर शिक्षकाने समजावू नये, मुलांना एकमेकांना पटवू द्यावं. मी उत्तर सांगितलं नाही, जोड्या केल्या. इथे आधी मी सगळ्यांनी मिळून लिहायची ऑनलाइन भिंत वापरायचे. तिच्यावर 'मलापण असंच वाटतं' अशा ओळी यायच्या आणि विषय संपायचा. शेजारी बसलेल्या दोघांना बोलायला स्क्रीन लागत नाही. चर्चेच्या रकान्यात मी 'काही नाही' असं लिहिलं, आणि ते लिहितानाच बरं वाटलं.

शोध घेण्यासाठी फेट, म्हणजे विज्ञानाचे प्रयोग स्क्रीनवर करून बघायची सिम्युलेशन. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. नोंदणी लागत नाही, मराठी आहे आणि सिम्युलेशन उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. आदल्या दिवशी सातही टॅबवर ते टाकून ठेवलं. एका टॅबला सहा मुलं, दर चार मिनिटांनी हात बदलायचे. एका गटाने दोन्ही तारा बल्बच्या एकाच टोकाला जोडल्या आणि स्क्रीनवर बॅटरीने पेट घेतला. सगळा वर्ग तिथे जमला. मी थांबवलं नाही, कारण शॉर्टसर्किट पुढच्या तासाला शिकवायचंच होतं. मग ॲमीटर, म्हणजे धारा मोजायचं यंत्र, एकदा बल्बच्या अलीकडे, एकदा पलीकडे. आकडा तोच. निळे इलेक्ट्रॉन बल्बमधून जात होते, तेवढेच बाहेर येत होते. "मॅडम, मग बल्ब लागतो कशावर?" हा प्रश्न एका मुलाने विचारला तेव्हा धडा खरा सुरू झाला. धारा तेवढीच राहते, बल्बला मिळते ती ऊर्जा, इथपर्यंत आम्ही त्या प्रश्नाला धरूनच पोहोचलो.

पण तिथे थांबले असते तर चूक झाली असती. दुसऱ्या दिवशी खरा सेल, खरी तार, खरा बल्ब दिला. निम्म्या गटांचे बल्ब लागले नाहीत, कारण तारेचं प्लॅस्टिक सोलायचं कुणाला सुचलं नव्हतं. स्क्रीनवरची तार नेहमीच सोललेली असते. सिम्युलेशन आणि खरं साहित्य यांतलं एक निवडायचं नसतं असं मला तरी पक्कं वाटतं.

सरावाला गूगल फॉर्म पुरला. चुकीचा पर्याय निवडला की त्याच चुकीबद्दल समजावणाऱ्या भागाकडे मूल जातं, अशी सोय त्यात करता येते. लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. आधीचं क्विझ वेगाला जास्त गुण द्यायचं. विचार करून उत्तर देणारी मुलं त्यात सतत तळाला राहायची, म्हणून ते मी कायमचं सोडलं. मिळून काम करण्यासाठी सामायिक स्लाइड करून पाहिल्या, पण एक जण टाइप करतो आणि पाच जण बघतात. तिथे मोठा कागद आणि स्केचपेनच ठेवले आहेत. चांगलं काही सापडेपर्यंत तसंच.

घडवण्यासाठी टॅबमधला साधा आवाजाचा रेकॉर्डर. धाकट्या भावंडाला सांगतोय असं समजून एका मिनिटात सांगायचं, बल्ब काय खातो आणि काय खात नाही. वर्गात कधीच न बोलणाऱ्या एका मुलीचं रेकॉर्डिंग ५२ सेकंदांचं आहे. तिसाव्या सेकंदाच्या आसपास ती म्हणते, "मग धारा कमी होते." थांबते. मागे पंख्याचा आवाज येत राहतो. मग म्हणते, "नाही, थांब. धारा तेवढीच असते."