आमची वाटचाल : चष्म्याच्या दुकानातून रायफलच्या दुर्बिणीपर्यंत

रत्नागिरीत आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, चष्मे आणि घड्याळे दुरुस्त करण्याचे दुकान काढले, तेव्हा रायफलवर बसवायच्या दुर्बिणीचा विचार आमच्या घरात कोणी स्वप्नातही केला नसेल. दुर्बीण या वस्तूशी आमचा संबंध आला तो मिरकरवाडा बंदरामुळे. ट्रॉलरवरचे तांडेल आपल्या दोन नळ्यांच्या दुर्बिणी घेऊन येत. कधी ती हातातून निसटून आतील प्रिझम सरकलेले असे आणि एका होडीच्या दोन होड्या दिसत, तर कधी भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली असे. अण्णांनी या दुर्बिणी खोलून, पुसून आणि प्रिझम पुन्हा जुळवून द्यायला सुरुवात केली. आमच्या किनाऱ्यावर काचेचा खरा वैरी धूळ नसून दमट हवा आहे, हे आम्ही त्या कामातून शिकलो.

बुरशीचे नुकसान डागापुरते थांबत नाही. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, त्यामुळे असे दहा पृष्ठभाग ओलांडेपर्यंत आत शिरलेल्या प्रकाशापैकी एक तृतीयांश वाया जातो. ही गळती थांबवण्यासाठी भिंगावर अतिशय पातळ थर चढवण्याची पद्धत १९३५ मध्ये झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी शोधून काढली, आणि आजच्या सगळ्या चांगल्या दुर्बिणी तिच्यावरच उभ्या आहेत. बुरशीतून पाझरणारे आम्ल नेमका हाच थर खाते. डाग पुसला तरी थर परत येत नाही, आणि ही गोष्ट गिऱ्हाइकाला पटवून देताना अजूनही आमचा बराच वेळ जातो.

रायफलची पहिली दुर्बीण आमच्याकडे आली ती चिपळूणकडच्या एका निवृत्त सुभेदारांची. त्यांच्याकडे .३१५ ची, म्हणजे सुमारे ०.३१५ इंच नळीची, देशी स्पोर्टिंग रायफल होती आणि तिच्यावरील चौपट मोठे दाखवणाऱ्या जुन्या दुर्बिणीत आतून बाष्प धरले होते. अण्णांनी ती खोलली, स्वच्छ केली, बंद केली आणि दिली. पंधरा दिवसांनी सुभेदार परत आले आणि शांतपणे म्हणाले, "अण्णा, आतला पाऊस थांबला नाही हो." चूक आमचीच होती. दुर्बीण आम्ही ऐन जुलैत बंद केली होती, म्हणजे रत्नागिरीची ओली हवाच आत कोंडून दिली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील ल्युपोल्ड कंपनीने नळीतील हवा काढून कोरडा नायट्रोजन भरायला सुरुवात केली होती, हे आम्हाला त्यानंतर वाचून कळले. एसी आणि फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांना नायट्रोजनची नळकांडी पुरवणारा एक माणूस गावातच होता. त्याच्याकडून छोटे नळकांडे आणले, झिजलेल्या ओ-रिंग, म्हणजे सांधे बंद करणारी रबरी कडी, बदलल्या आणि नळीतून नायट्रोजन फिरवून मग ती बंद करू लागलो. बंद केलेली दुर्बीण कोमट पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडा येतो का, हे पाहण्याची रीतही तेव्हापासून पडली.

दुरुस्तीकडून विक्रीकडे मी वळलो तेव्हा अण्णांची त्याला फारशी संमती नव्हती, आणि पहिल्या दोन वर्षांत त्यांचेच बरोबर ठरते की काय अशी परिस्थिती आली. पहिला माल मी डब्यावरचे आकडे पाहून आणला. ६-२४×५० म्हणजे सहापट ते चोवीसपट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग ५० मिलिमीटरचे असणारी दुर्बीण. जितका आकडा मोठा तितका माल भारी, अशी माझी भाबडी समजूत होती. त्या बारा नगांपैकी चार पावसाळाभर फोमच्या खोक्यांत लोखंडी कपाटात राहिले आणि गणपतीनंतर उघडून पाहिले तर चौघांतही बुरशी. फोम पाणी धरून ठेवतो, हे एव्हाना आम्हाला ठाऊक असायला हवे होते. आता माल खोक्यांतून काढून, आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास राखणाऱ्या कोरड्या कपाटात ठेवतो.

उरलेल्या नगांपैकी एक मी स्प्रिंगच्या एअरगनसाठी विकला. तीन आठवड्यांत त्याची आतील फुली, म्हणजे नेम धरायच्या रेघा, वाकडी झाली. अशी एअरगन कमी ताकदीची असल्याने तिच्यावर कोणतीही दुर्बीण चालेल असे मी गृहीत धरले होते, पण स्प्रिंगच्या एअरगनचा झटका दुहेरी असतो. दट्ट्या पुढे सुटताच बंदूक मागे येते आणि दट्ट्या नळकांड्याच्या टोकाला आदळला की ती पुढे हिसकली जाते. सर्वसाधारण दुर्बिणीच्या आतील रचना मागे येणारा झटका सोसेल अशी बांधलेली असते, पुढच्या हिसक्यासाठी नव्हे. मी पैसे परत केले. तेव्हापासून बंदूक कोणती आहे हे विचारल्याशिवाय आम्ही कपाट उघडत नाही, आणि तिच्यासोबत परवानाही पाहतो. ज्या एअरगनना परवाना लागत नाही, त्या घेणाऱ्यांनाही पाखरे मारणे गुन्हा आहे हे तोंडावर सांगतो, मग विक्री झाली नाही तरी चालेल.

दुसरा प्रश्न अंतराचा, आणि आमच्या धंद्याला खरे वळण याच प्रश्नाने दिले. कोकणात शेतीसंरक्षणासाठी परवाना असलेल्या बंदुका घरोघर सापडतात. त्यांतील पुष्कळ ठासणीच्या किंवा बारा बोअरच्या एकनळी आहेत. रानडुकरांनी भाताची आणि नाचणीची वाट लावली की लोक दुकानात येतात आणि मोठी दुर्बीण दाखवा म्हणतात. देवरुखकडच्या एका काकांनी मला विचारले होते, "ही लावली तर बार शंभर पावलांवर बसेल ना?" बसणार नाही. गुळगुळीत नळीतून निघालेले छर्रे दुर्बिणीमुळे एकत्र राहत नाहीत, आणि पंचवीस-तीस पावलांवरच्या कामाला दुर्बिणीचा उपयोगही नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरासाठीही वन विभागाची परवानगी लागते, आणि बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. त्या काकांना मी दुर्बीण दिली नाही. त्यांना लांबचे दिसण्याचाच त्रास होता, म्हणून चष्मा करून दिला.

शिकारीची दुर्बीण निवडण्याविषयी मला जे कळले, ते न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या मेहुण्यांमुळे. तिथली हरणे बाहेरून आणलेली असल्याने आणि ती तिथल्या जंगलाची हानी करत असल्याने सरकारी परवाना काढून त्यांची शिकार करता येते. मेहुण्यांनीही आधी २४ पटीची दुर्बीण घेतली होती. दाट झाडीत हरीण पन्नास मीटरवर उभे आणि दुर्बिणीत नुसती एक तपकिरी भिंत, कारण पट वाढली की दिसणारे क्षेत्र आक्रसते. पुढचा अडथळा संधिप्रकाशाचा. भिंगाचा व्यास भागिले पट, इतक्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. ५० भागिले २४ म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर, तर ४० मिलिमीटरच्या भिंगाची दुर्बीण सहापटीवर ठेवली तर साडेसहाच्या वर. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते आणि वयानुसार कमी उघडत जाते, त्यामुळे सूर्य मावळताना २४ पटीत चित्र काळवंडते. मी त्यांना ३-९×४० सुचवली. डोळा आणि मागचे भिंग यांत नऊ-दहा सेंटिमीटर अंतर राहते का, हेही पाहायला सांगितले, कारण जोरदार रायफलचा झटका बसला की ते अंतर नसल्याची खूण भुवईवर अर्धचंद्रासारखी उमटते.

नेमबाजीची गिऱ्हाइके आमच्याकडे उशिरा आली. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये, म्हणजे तीन पवित्र्यांतून नेम धरण्याच्या प्रकारात, कांस्यपदक मिळवले. त्यांचे कोल्हापूर आम्हाला आंबा घाटापलीकडचेच, त्यामुळे मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांची संख्या त्या वर्षी एकदम वाढली. जवळजवळ प्रत्येक जण दुर्बीण मागत असे, आणि मला प्रत्येकाला सांगावे लागे की या प्रकारात रायफलवर दुर्बीण लावायला मनाई आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात, विश्वविजेत्या झाल्या, त्याही पीप साइटवर, म्हणजे मागच्या बारीक छिद्रातून पुढच्या कड्यात लक्ष्य बसवूनच. मुलांना लागतो तो कागदावरील छिद्रे पाहण्यासाठी बाजूला तिवईवर ठेवायचा स्पॉटिंग स्कोप. आमच्याकडून गेलेले बहुतेक स्पॉटिंग स्कोप या मुलांच्या आणि सड्यांवरची, म्हणजे कातळी पठारांवरची, पाखरे पाहणाऱ्यांच्या घरी आहेत.

लांब पल्ल्याच्या लक्ष्यवेधासाठी, जिथे दुर्बिणीला मुभा असते तिथे, सगळी मदार फिरकीवर, म्हणजे नेम वर-खाली किंवा बाजूला सरकवणाऱ्या दुर्बिणीवरच्या गोल खुंटीवर, असते. अर्धे गिऱ्हाईक फक्त भिंगातून पाहून दुर्बीण पसंत करते, म्हणून ही गोष्ट मी जरा सविस्तर सांगतो. फिरकीची एक क्लिक म्हणजे गोळी किती सरकेल याचे ठरलेले माप. मिल आणि मिनिट ही दोन्ही कोनाची मापे. मिल पद्धतीत ०.१ मिलची क्लिक १०० मीटरवर नेमके १ सेंटिमीटर सरकवते, आणि मिनिट पद्धतीत पाव मिनिटाची क्लिक सुमारे ७ मिलिमीटर. हिशेब मिलमध्ये सोपा पडतो, म्हणून मीटरमध्ये विचार करणाऱ्यांना मी तीच पद्धत देतो. मात्र फुलीवरील खुणा मिलमध्ये आणि फिरकी मिनिटात अशी सरमिसळ असलेली दुर्बीण कोणालाही देत नाही. ५० मीटरवर झिरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवलेली, .२२ ची रायफल १०० मीटरवर जवळजवळ वीतभर खाली मारते, म्हणजे वीसएक क्लिक वर जावे लागते. हजार यार्डांवर .३०८ च्या रायफलसाठी शंभर यार्डांच्या झिरोपासून सुमारे ४० मिनिटे चढवावे लागते, आणि तेवढ्या अंतरावर ती १० मीटरहून अधिक उंची होते, आमच्या आवारातील मध्यम माडाइतकी. एवढा पल्ला दुर्बिणीच्या फिरकीत शिल्लक आहे का, की माउंटची, म्हणजे दुर्बीण रायफलवर बसवायची, पट्टीच पुढे उतरती घ्यावी लागेल, हे रायफल हातात येण्याआधी कागदावर मांडून पाहावे.

फिरकी सांगते तितकी सरकते का, हे तपासण्यासाठी आम्ही बंदूक वापरत नाही. आमच्या एका नातेवाइकांच्या सड्यावरील जागेत जांभ्याच्या चार चिऱ्यांचा चौथरा केला आहे. वरच्या चिऱ्यात पोलादी शिकंजा सिमेंटने बसवला आहे आणि टेपने मोजलेल्या १०० मीटरवर दहा-दहा सेंटिमीटरच्या खुणा केलेला फळा उभा आहे. दुर्बीण शिकंजात आवळायची, फुली शून्याच्या रेघेवर आणायची, पन्नास क्लिक फिरवायच्या आणि फुली पन्नास सेंटिमीटरच्या रेघेवर आली का हे पाहून पुन्हा शून्यावर परतायचे. हे वीस वेळा. महागड्या दुर्बिणीही यात नापास झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि मध्यम किमतीची एक साधी दहापट दुर्बीण वीसही वेळा केसभरही न हलता परतलेली पाहिली आहे. ती मी विकली नाही, नमुन्यासाठी ठेवली आहे.

याच सड्यावर मोठ्या पटीविषयीचा माझा उरलासुरला मोह गेला. डिसेंबरात सकाळी दहानंतर कातळ तापतो, हवा थरथरू लागते आणि २४ पटीवर फळ्यावरच्या रेघा वाहत्या पाण्यातून पाहिल्यासारख्या वळवळतात. पट बारावर आणली की त्या वाचता येतात. पट बदलणाऱ्या दुर्बिणीत आणखी एक खोच असते. फुली मागच्या प्रतलात, म्हणजे पट बदलणाऱ्या भिंगांच्या मागे, बसवलेली असेल तर तिच्यावरील मिलच्या खुणा एकाच पटीवर, बहुधा सर्वांत मोठ्या पटीवर, खऱ्या ठरतात. पुढच्या प्रतलात असेल तर त्या सगळ्या पटींवर खऱ्या असतात, पण किंमत वाढते आणि लहान पटीवर फुली बारीक होऊन दिसेनाशी होते. एकाच ठरलेल्या अंतरावर बसून नेम धरणाऱ्याने त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत असे माझे मत आहे, आणि ते घाऊक विक्रेत्याला आवडत नाही. वाचलेले पैसे दुर्बीण धरून ठेवणाऱ्या चांगल्या रिंगांवर आणि बाजूने पॅरॅलॅक्स जुळवण्याच्या सोयीवर घालावेत. पॅरॅलॅक्स जुळलेला नसल्याने डोळा किंचित हलवला आणि फुली लक्ष्यावरून सरकली, तर भिंग कितीही स्वच्छ असले तरी गोळी सरकणारच.

रिंगांच्या स्क्रूंना आमच्या हवेत दोन पावसाळ्यांत गंज चढतो, म्हणून ते स्टेनलेस घेतो आणि आवळण्यासाठी टॉर्कचा, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा, स्क्रू-ड्रायव्हर वापरतो. मनगटाच्या अंदाजाने आवळून माझ्या भावाने एका दुर्बिणीची नळी चेपवली होती, तिचे पैसे आम्हीच भरले.

आज दुकानात मी, भाऊ आणि माझी पुतणी असे तिघे आहोत. नायट्रोजनचे आणि बुरशीचे काम पुतणी पाहते, आणि या कामात तिचा हात अण्णांसारखा हलका आहे. चष्मे अजूनही निम्म्याहून अधिक धंदा देतात. यंदा पाऊस लांबल्याने सड्यावरचा फळा रंगवायचा राहिला आहे आणि जुन्या रेघा शेवाळाखाली गेल्या आहेत. तपासणीसाठी आलेल्या तीन दुर्बिणी तोवर कोरड्या कपाटात ठेवल्या असून त्यांच्या मालकांना तसे फोनवरून कळवले आहे.