पान ६१

किशोर कादंबरीचं संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ बघणं, असं प्रकाशकापासून माझ्या शेजारणीपर्यंत सगळ्यांचं मत आहे. प्रकाशक त्याच हिशेबानं पानाचे पैसे देतात, ते असो. पण गोष्ट जुन्या काळातली असली की माझा निम्मा वेळ मुलीच्या दप्तरात काय होतं आणि त्या रात्री आकाशात चंद्र होता का, हे शोधण्यात जातो. आणि खरं सांगायचं तर मला तेच काम आवडतं.

मार्चमध्ये हातात आलेली संहिता गिरगावातल्या तीन शाळकरी मैत्रिणींची होती. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. मुंबई गोदीचा स्फोट. लढाई तिकडे ब्रह्मदेशात आणि युरोपात चाललेली, आणि इकडे चाळीत रेशनची रांग, ब्लॅकआउटचा काळोख, काचांवर चिकटवलेले कागद. लेखिकेनं आपल्या आईच्या आठवणींवरून सगळं उभं केलं होतं. भाषा छान. चुका भरपूर.

पहिल्याच पानावर मुलगी म्हणते, "दुसरं महायुद्ध चालू आहे ना!" त्या वेळी चाळीत कोण असं म्हणत होतं? सगळे म्हणायचे 'लढाई'. मुलगी 'सहावीत' आहे. तेव्हा मराठी चौथी झाली की इंग्रजी पहिली, म्हणजे ही इंग्रजी दुसरीत. तिच्या मुठीत नुसताच 'पैसा' होता. १९४३पासून मधोमध भोक असलेला पैसा निघाला होता. तो दोऱ्यात ओवता येतो, म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात तो दिला की प्रसंग आपोआप तयार होतो. लेखकांना हे सुचत नाही आणि आपण सुचवलं की ते आधीच ठरलेलं होतं असं सांगतात.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते घड्याळानं. संहितेत स्फोटानंतर 'सात वाजले, अंधार पडला आणि गोदीकडचं आभाळ लाल दिसू लागलं' असं वाक्य होतं. एप्रिलमध्ये मुंबईत सातला अंधार पडायला लागतो, म्हणून कुणालाही ते खटकणार नाही. पण १ सप्टेंबर १९४२ला सरकारनं देशभर घड्याळं तासभर पुढे केली होती, ती ऑक्टोबर १९४५पर्यंत तशीच होती. म्हणजे त्या शुक्रवारी सूर्य मावळला तेव्हा घड्याळात जवळजवळ आठ वाजलेले. सातला लख्ख उजेड. त्यातून मुंबईचा स्वतःचा 'मुंबई टाइम' होताच, स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटं मागे. मी 'सात'चे 'आठ' केले आणि तीन दिवस स्वतःवर खूश होते.

मग चांदणं. त्या रात्री गच्चीवर 'टिपूर चांदणं' पसरलं होतं म्हणे. ईस्टर येतो पौर्णिमेनंतरच्या रविवारी, आणि १९४४चा ईस्टर ९ एप्रिलला, म्हणजे पौर्णिमा त्याआधीच होऊन गेलेली. चैत्राचा वद्य पक्ष. चांदणं कापलं. पण तेच तपासताना लक्षात आलं की हे चैत्रगौरीचे दिवस, वर शुक्रवार. लेखिकेनं त्या संध्याकाळी घरी हळदीकुंकू ठेवलं होतं ते बिनचूक होतं. डाळ भिजत घातलेली, कैऱ्या किसलेल्या, पन्ह्याला गूळ किती घालायचा यावरून आईची चिडचिड. तिथे मी एका अक्षरालाही हात लावला नाही.

सोन्याच्या विटेवर मात्र लाल रेघ मारली. जहाजातून उडालेली वीट मैलभर लांब एका घरात येऊन पडते, हे वाचून हसूच आलं. रेघ पुसावी लागली. गोदीत ज्याचा स्फोट झाला त्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर खरोखरच सोन्याच्या ३१ पेट्या होत्या, आणि एक वीट एका पारशी गृहस्थाच्या घरात जाऊन पडली होती. त्यांनी ती परतही केली. काही विटा तर कित्येक वर्षांनी गोदीतला गाळ काढताना सापडल्या. खऱ्या गोष्टी कधी कधी फार वाईट लिहिलेल्या असतात.

चित्रकाराबद्दल न बोललेलं बरं. त्यानं मुखपृष्ठावर जपानी विमानं काढली. म्हटलं, विमानं नव्हती रे. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, जोडीला कापसाच्या गाठी, आणि आग कापसातच लागली. तो म्हणाला, "मग बॉम्ब टाकला कुणी? मुलांना कळायला नको?" त्या दिवशी अर्ध्या मुंबईला जपान आला असंच वाटलं होतं, तेव्हा त्याला एकट्याला काय बोलणार! आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले, शेकडो कामगार-रहिवासी गेले, आणि वर बातम्यांवर सेन्सॉर. ते सगळं काढायला मुखपृष्ठावर जागा नव्हती.

तर पान ६१. गोदीजवळच्या मांडवीकडून होरपळलेली, बेघर झालेली माणसं चाळीच्या जिन्यात येऊन बसतात. नायिका कडी काढते, तिची आई हळदीकुंकवाचं पन्हं आणि वाटली डाळ त्यांना वाटते. पातेली रिकामी होतात. कादंबरीतलं सगळ्यात गोड पान. प्रकाशकांचं लाडकं, कारण पालक विचारतात, "यातून मुलांना काय शिकायला मिळतं?" आणि त्याला हे पान दाखवता येतं.

शेवटच्या शंका घेऊन लेखिकेच्या घरी गेले, तेव्हा तिच्या आईही येऊन बसल्या. वय एक्याण्णव, कान शाबूत. मी घड्याळाची दुरुस्ती मोठ्या अभिमानानं सांगितली. त्या म्हणाल्या, "आठ की सात, कुणाला ठाऊक बाई. नळ गेला होता एवढं खरं." झालं माझं संशोधन.

मग लेखिकेनं पान ६१ वाचलं. तिच्या आईंनी ऐकून घेतलं. चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "आईनं कडी काढू दिली नव्हती."

लेखिका थांबली. "अगं आई, तूच तर सांगितलंस. लहानपणापासून सांगत आलीस."

"तुला तसंच सांगत आले मी. बाहेर एक बाई होती, कडेवर पोर. मी कडीशी उभी. आई म्हणाली, हात लावायचा नाही. घरात आम्ही चौघी पोरीच, बाबा फोर्टात अडकलेले." जरा वेळानं म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी डाळ आंबली. टाकली सगळी. रेशनच्या दिवसांत."

"तिला आता घोटाळा होतो," असं लेखिका मला दारात चपला घालताना हळूच म्हणाली. होत असेलही. जुन्या दोन आठवणींतली खरी कोणती, हे कुठल्या पंचांगात बघायचं? मी एवढंच म्हटलं, की कडी लागलेली असेल तर पुस्तक जास्त चांगलं होईल. ती म्हणाली, "माझी आजी आहे ती." यावर मला उत्तर सुचलं नाही, अजून नाही. प्रकाशकांना विचारण्यात अर्थ नव्हता.

दोन दिवसांनी अंतिम फाइल आली. पान ६१ जसंच्या तसं. मात्र पान ६४वर एक नवं वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नायिका मोरीशी उभी आहे, आणि आई आंबलेल्या डाळीचं पातेलं काही न बोलता उपडं करते.

पातेली आदल्या रात्रीच रिकामी झाली होती, मग टाकायला डाळ उरली कुठून? एवढी उघड विसंगती मी कुणाचीही सोडत नाही. समासात शंका लिहिली, खोडली, आणि फाइल छपाईला पाठवली.