डाव्या खुब्यातले तीन स्क्रू : आठवडा 24

आज सकाळी बडोद्याच्या कमाटी बागेत 2 मिनिटं धाव, 2 मिनिटं चाल, असे 8 फेरे झाले. म्हणजे सगळं मिळून 16 मिनिटं धावले. घड्याळावर पेस (धावण्याचा वेग) दिसणारच नाही अशी सोय करून ठेवली आहे, कारण आकडा दिसला की मी त्याच्याशी भांडायला जाते. काळ्या घोड्याच्या पुतळ्याच्या बाजूने आत शिरते आणि कच्च्या वाटेवरच राहते. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, तो उतार सध्या खुब्याला नको. धावताना काही दुखलं नाही, पण त्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. उद्या सकाळी पलंगावरून उठताना काय होतं, तो खरा निकाल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मे महिन्यात मी आठवड्याचे 35 किलोमीटर तीन आठवड्यांत 58 वर नेले. डाव्या जांघेत खोलवर दुखायला लागलं. स्नायू ओढला असेल म्हणून शेकत बसले आणि धावतही राहिले. एका पायावर उडी मारली की अशी कळ यायची की डोळ्यांत पाणी. एक्स-रे स्वच्छ आला, मी खूश. एमआरआयमध्ये मात्र मांडीच्या हाडाच्या मानेवर, वरच्या बाजूला, बारीक भेग दिसली.

वर की खाली, यावर सगळं ठरतं. भिंतीत ठोकलेल्या ब्रॅकेटवर वजन ठेवलं की त्याची खालची बाजू दाबली जाते आणि वरची ताणली जाते. हाडाच्या मानेचंही तसंच. खालची भेग बऱ्याचदा कुबड्या आणि विश्रांतीवर भरते. वरची प्रत्येक पावलागणिक उघडायला बघते, आणि हाड सरकलं तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. म्हणून 9 जूनला तीन पोकळ स्क्रू, त्रिकोणात. डॉक्टरांनी नंतर फोटो दाखवला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे तर कपाट बसवताना लावतात तसले!”

पहिले सहा आठवडे पाऊल नुसतं टेकवायचं. मग फिजिओने न्हाणीघरातला वजनकाटा बाहेर काढला. डावा पाय काट्यावर, उजवा तेवढ्याच उंचीच्या पाटावर, आणि काटा 15 वर येईपर्यंत भार द्यायचा. पुढे 25, मग 40. माझं वजन 54. तेव्हा माझ्या धावण्याच्या वहीत किलोमीटरच्या रकान्यात किलो लिहिले जात होते. बाराव्या आठवड्यात पूर्ण भार मिळाला.

काठीवरून घरात वादच झाला. दुखणाऱ्या बाजूला काठी धरायची, असं आमच्या दांडिया बाजारात सगळ्यांचं ठाम मत. मी उजव्या हातात धरली की शेजारच्या काकू दारातूनच ओरडायच्या. पण एका पायावर उभं राहताना कमरेचे स्नायू ओटीपोटाची हाडं सावरून धरतात, आणि त्या ओढीमुळे खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट जोर येतो. उलट्या हातातली काठी ती ओढ कमी करते. काकूंना हे पटलेलं नाही.

आता जे आधीच्या नोंदींत टाळलं ते. वाढवलेले किलोमीटर हे अर्धंच कारण. ताण पडला की शरीर आधी हाडाचा जुना भाग पोखरतं, साधारण तीन आठवडे, आणि मग तीनेक महिने नवा भरत बसतं. मी नेमकी त्या पोकळ आठवड्यांत अंतर वाढवत होते. वर भरायला माल कुठे होता? शनिवार उपवास, चतुर्थी उपवास, आणि शनिवारीच उपाशीपोटी 18 किलोमीटर, कारण रविवारी घरी पाहुणे. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली की भरपूर खाल्लं असं वाटायचं. पाळी दोनदा चुकली, ती मी बेचाळिशीच्या खात्यावर टाकली. डी जीवनसत्त्व निघालं 13. वीसच्या खाली म्हणजे कमतरता. बडोद्याच्या उन्हात राहून! पण मी सूर्य उगवायच्या आत घरी पोचणारी. उपवास सोडा असं मी कोणालाच सांगत नाही. मी शनिवारचा ठेवला आहे, लाँग रन त्या दिवसावरून उठवला आहे. रोज धावण्याआधी केळं आणि नंतर अर्ध्या तासात दूध-पोहे नाहीतर अंडी.

गणपतीत आरतीला उभी राहिले, पण खाली बसले नाही. मांडी घालणं आजही अर्धवटच. नवरात्रात सोसायटीच्या गरब्याला खुर्चीवरून टाळ्या वाजवल्या. गरब्यात किती वेळा एका पायावर गिरकी घेतात हे मला पहिल्यांदाच कळलं. फिजिओला विचारलं, “एक फेरी?” तो म्हणाला, “बेन, आवता वरसे.” म्हणजे पुढच्या वर्षी.

खरा शत्रू मात्र भेग नव्हती. नवऱ्याने मागून व्हिडिओ काढला तेव्हा दिसलं : डाव्या पायावर भार आला की उजवी कंबर खाली लचकत होती. तेराव्या आठवड्यात डाव्या पायावर मी 9 सेकंद उभी राहू शकले, उजव्यावर मिनिटभर सहज. धावणं म्हणजे एका पायावरून दुसऱ्यावर उड्याच की. मग कुशीवर झोपून पाय उचलणं, गुडघ्यांना रबरी पट्टी बांधून खेकड्यासारखं चालणं, पायरीवरून हळू उतरणं. इतकं कंटाळवाणं काम मी आयुष्यात केलेलं नाही. भाजी ढवळताना, दात घासताना एका पायावर. विसाव्या आठवड्यात 45 सेकंद झाले, कंबर न लचकता, तेव्हा कुठे एकविसाव्यात पहिलं एक मिनिट धावायला मिळालं.

उरलेली तक्रार एकच : डाव्या कुशीवर झोपलं की स्क्रूचे माथे टोचतात. डॉक्टर म्हणतात, सोसत असेल तर राहू दे. काढले तर भोकं भरेपर्यंत पुन्हा धावणं बंद. तुमच्यापैकी कोणी काढून घेतले असतील तर किती महिन्यांनी काढले आणि नंतर किती आठवडे थांबलात ते लिहा. पुढचा आठवडा : 3 मिनिटं धाव, 2 मिनिटं चाल, 6 फेरे, एक दिवसाआड.