साडेतीन टन, तीन मीटर, सहा मीटर: मोटरहोमचा आकार आणि युरोपातला खर्च

म्युनिकहून निघून ब्रेनर खिंडीमार्गे इटलीतले गार्डा सरोवर, तेथून जेनोव्हाच्या किनाऱ्याने फ्रान्समधील प्रोव्हान्स, पुढे रोनच्या खोऱ्यातून वर आनसी आणि अखेर स्वित्झर्लंडमधून परत म्युनिक, असा सुमारे २,५०० किलोमीटरचा प्रवास आम्ही गेल्या सप्टेंबरात भाड्याच्या दोन मोटरहोममधून केला. आम्हा दोघांकडे फियाट डुकाटोवर बांधलेली ५.९९ मीटर लांबीची व्हॅन होती. माझा धाकटा भाऊ, त्याची पत्नी आणि दोन मुले यांच्याकडे चालकाच्या डोक्यावर पलंग असलेली, सात मीटरांहून लांब आणि ३.१० मीटर उंच ‘अल्कोव्ह’ गाडी होती. रस्ते, टोलनाके आणि मुक्काम सारखेच असल्याने दोन्हीकडच्या पावत्या रोज रात्री शेजारी ठेवून पाहता आल्या. गाडी जसजशी मोठी तसतसा खर्च वाढतो, असा आमचा समज होता. प्रत्यक्षात खर्च काही ठरावीक मर्यादांपाशी एकदम चढतो आणि मधल्या टप्प्यात जवळजवळ जागचा हलत नाही.

त्यांतली सर्वांत महत्त्वाची मर्यादा गाडीच्या कमाल एकूण वजनाची, ३,५०० किलोंची, आणि ती भाड्यापूर्वीच आडवी येते. आपल्याकडे हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोंपर्यंतचे वाहन चालवता येते. आरटीओकडून मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय परवान्यातला ‘बी’ वर्ग मात्र ३,५०० किलोंनाच थांबतो. त्यापुढच्या गाडीला ऑस्ट्रियात साधे विनियेट (ठरावीक मुदतीसाठी महामार्ग वापरण्याचा पास) चालत नाही, तिथे किलोमीटरनुसार टोल मोजणारे गो-बॉक्स यंत्र लावावे लागते. स्वित्झर्लंडमध्येही ४० फ्रँकच्या वार्षिक विनियेटऐवजी दिवसांवर आकारला जाणारा अवजड वाहनकर लागू होतो. आमच्या दोन्ही गाड्या कागदोपत्री ३,५०० किलोंच्याच असल्यामुळे या दोन देशांत लहानमोठ्याला एकच दर पडला. ब्रेनरच्या महामार्गाचा टोल विनियेटखेरीज वेगळा भरावा लागतो, एवढे ध्यानात ठेवावे. परतीच्या वाटेवर ऑस्ट्रियाच्या ए-१४ महामार्गाचा होहेनेम्सपासून जर्मन सरहद्दीपर्यंतचा तुकडा विनियेटमुक्त आहे, त्यामुळे दहा दिवसांचे विनियेट संपले असले तरी नवे घेण्याचे कारण नाही. जर्मनीत खासगी मोटरहोमला महामार्गावर टोलच नाही.

इटलीत दोन आसांच्या वाहनाचा वर्ग पुढच्या चाकांपाशी मोजलेल्या उंचीवरून ठरतो आणि ती १.३० मीटरांहून अधिक असली की वाहन ‘बी’ वर्गात जाते. साहजिकच व्हॅन आणि अल्कोव्ह या दोघींनी जेनोव्हापर्यंत सारखेच पैसे भरले. खरी तफावत फ्रान्सच्या पहिल्या टोलनाक्यावर दिसली. तिथे दोन ते तीन मीटर उंचीची आणि ३.५ टनांपर्यंतची गाडी दुसऱ्या वर्गात मोडते. उंची तीन मीटर झाली की तिसरा वर्ग, म्हणजे दोन आसांच्या मालमोटारींचा. आमच्यासमोर पडद्यावर ‘२’ हा आकडा उमटला, मागून येणाऱ्या भावाच्या गाडीला ‘३’. वरच्या दहा सेंटिमीटरांसाठी त्याने प्रोव्हान्सपासून आनसीपर्यंत प्रत्येक नाक्यावर आमच्यापेक्षा बरेच जास्त पैसे मोजले. म्हणून गाडी ठरवताना लांबीइतकीच उंचीची चौकशी करावी, आणि ती जाहिरातीतून नव्हे तर गाडीच्या कागदपत्रांवरून करावी. २.९० मीटरांच्या आसपासच्या, पलंग मागच्या बाजूला असलेल्या ‘सेमी-इंटिग्रेटेड’ गाड्या याच कारणासाठी मला चौघांनाही अधिक सोयीच्या वाटतात. यंत्राने चुकीचा वर्ग दाखवला, तर पैसे भरण्यापूर्वी मदतीचे बटण दाबून ‘क्लास दू’ एवढे सांगितले तरी पुरते. दोन मीटर उंचीची आडवी पट्टी लावलेल्या मार्गिकेत मात्र शिरू नये.

डिझेलचा हिशेब सरळ आहे. व्हॅन शंभर किलोमीटरला साडेनऊ लिटरच्या आसपास पीत होती, अल्कोव्ह साडेबारा. एकूण अंतरावर सुमारे ७५ लिटरचा फरक. डोंगरापेक्षा समोरचा वारा जास्त महाग पडतो, हे भावाने वेग ताशी ११० वरून ९५ वर आणल्यावर त्याच्याच मीटरवर दिसले. फ्रान्समध्ये महामार्गावरच्या पंपांऐवजी लक्लेर, कारफूर यांसारख्या मोठ्या दुकानांच्या पंपांवर डिझेल भरावे. मात्र तिथल्या छताची उंची आधी पाहावी.

मुक्कामाच्या बाबतीत पारडे उलटे झुकते. जर्मनीतील श्टेलप्लाट्झ किंवा फ्रान्समधील ‘एर’, म्हणजे मोटरहोमसाठीचे मुक्कामतळ, येथे बहुधा गाडीमागे रात्रीचे पैसे घेतात, माणसामागे नव्हे (पर्यटन कर तेवढा डोईवर असतो). तिथे आम्ही दोघांनी जेवढे भरले तेवढेच भावाने चौघांसाठी भरले. व्हॅनचे भाडेही अल्कोव्हपेक्षा फारसे कमी नव्हते. माणशी हिशेब केला, तर सर्व टोल आणि डिझेल धरूनही मोठी गाडीच स्वस्त पडली. दोघांनी ‘जरा ऐसपैस’ म्हणून सात मीटरांची गाडी घेणे मात्र मला उधळपट्टी वाटते.

मोठ्या गाडीत वजनाकडे कानाडोळा करू नये. रिकामी अल्कोव्हच तीन टनांच्या आसपास भरते. तीत चार माणसे, सामान, सायकली आणि टाकीतले शंभर लिटर पाणी, म्हणजे आणखी शंभर किलो, चढले की ३,५०० किलोंची मर्यादा सहज ओलांडली जाते आणि वजनकाट्यावर पकडले गेल्यास दंड चालकाला होतो. प्रवासात वीस-तीस लिटर पाणी पुरते. टाकी मुक्कामी पोहोचल्यावर भरावी.

सहा मीटरांची मर्यादा आमच्या मार्गावर आली नाही, कारण आम्ही बोटीने कुठे गेलो नाही. नॉर्वेच्या फ्योर्डमधील किंवा इटलीतल्या आंकोनाहून ग्रीसला जाणाऱ्या फेरीचा बेत असेल, तर तिथे भाडे लांबीवर ठरते, आणि मागे लावलेला सायकलींचा स्टँडही त्या लांबीत धरतात. अशा मार्गासाठी ५.९९ मीटरांची व्हॅन घेतल्यास स्टँड न लावता सायकली तिथेच भाड्याने घ्याव्यात.