डिझेल इंजिन उलटं जोडलं तर चालतं का?

‘ते बघा, केबिन मागे गेलीय. इंजिन उलटं जोडलंय का?’ रेल्वेची आवड आहे म्हटलं की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आल्को या अमेरिकन कंपनीच्या आराखड्यावरून वाराणसीत 1964 पासून बनू लागलेलं डब्ल्यूडीएम-2 हे रेल्वे इंजिन घ्या. गाडी कुठल्याही दिशेला जावो, त्यातलं डिझेल इंजिन एकाच बाजूने फिरतं. त्याचं काम वीज तयार करण्याचं. चाकं फिरवतात त्या ट्रॅक्शन मोटरी. रिव्हर्सर हँडल फिरवलं की मोटरींच्या फील्डमधला, म्हणजे चुंबकीय वेटोळ्यांमधला, प्रवाह उलटतो आणि गाडी दुसरीकडे निघते. ताकद तेवढीच. केबिनमध्ये कंट्रोल स्टँडही दोन, त्यामुळे लोको पायलटला दोन्ही दिशांना डावीकडेच बसता येतं.

अडचण येते ती डोळ्यांना. केबिनच्या एका बाजूला आखूड शॉर्ट हूड, दुसऱ्या बाजूला लाँग हूड, म्हणजे यंत्रं झाकणारा लांब सांगाडा: त्यात जनरेटर, इंजिन, एक्स्प्रेसर (ब्रेकसाठी हवा दाबणारं आणि खेचणारं यंत्र) आणि टोकाला रेडिएटर. लाँग हूड पुढे असलं आणि रूळ उजवीकडे वळले, की डावीकडे बसलेल्याला ते दिसेनासे होतात. तिथे भिस्त उजवीकडच्या असिस्टंटवर. हूड अरुंद आहे म्हणून निदान कडेने तरी पुढचं दिसतं. त्या कडेच्या वाटेवर उभं राहूनच शेडमधली माणसं दारं उघडून इंजिनावर काम करतात.

मग लाँग हूड पुढे ठेवायचंच कशाला? अमेरिकेत नॉरफोक अँड वेस्टर्न आणि सदर्न या कंपन्या मुद्दाम तशी इंजिनं घेत. धडक झालीच तर आधी यंत्राला बसेल, माणूस वाचेल, हा त्यामागचा एक विचार. भीती खरी आहे, पण मला तो हिशेब पटत नाही. धडक टळायची तर समोरचं वेळेत दिसायला हवं.

शिवाय धूर. लाँग हूड पुढे असताना धुरांडं केबिनच्या पुढे येतं. कोकण रेल्वेवर करबुड्यासारखा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. 2022 मध्ये संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं; त्याआधी वर्षानुवर्षं तिथे डिझेलच धावत होतं. बोगद्यात तो धूर केबिनकडेच येणार. याच त्रासापायी अमेरिकेतल्या सदर्न पॅसिफिकने वाफेच्या इंजिनांचीसुद्धा केबिन पुढे आणली होती.

आपल्याकडे मालगाड्यांना बऱ्याचदा दोन इंजिनं पाठीला पाठ लावून जोडतात, म्हणजे दोन्ही टोकांना केबिन मिळते. प्रवासी गाड्यांसाठी 2001 मध्ये डब्ल्यूडीपी-4 आलं, तेही एकाच केबिनचं, आणि डब्ल्यूडीएम-2 पेक्षा लांब. दोन्ही टोकांना केबिन असलेलं डब्ल्यूडीपी-4डी त्यानंतर काही वर्षांनी आलं. विजेच्या इंजिनांना ही सोय कितीतरी आधीपासून होती. डिझेल चालवणाऱ्यांना ती इतक्या उशिरा मिळायला नको होती.