देवाचे ११

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पुण्याला गेले होते, तेव्हा आईने माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. तळाशी हिशेबाच्या वह्या निघाल्या, थेट १९९४ पासूनच्या. दूध, वाणी, रॉकेल, भिशी, रिक्षा (कंसात ‘हिचे पोट दुखले’). आणि दर महिन्याच्या एक तारखेला, वाण्याच्याही आधी, पहिली ओळ ठरलेली : देवाचे ११.

कोथरूडच्या दोन खोल्यांत बाबांच्या एकट्याच्या पगारावर आमचं घर चालायचं. पगार झाला की आई बोर्नव्हिटाचे रिकामे डबे ओळीने मांडायची. दुधाचा, वाण्याचा, लाइटबिलाचा, शाळेचा आणि सगळ्यांत लहान डबा देवाचा. दुधाच्या डब्यातले पैसे वाण्याला दिलेले मी कधी पाहिले नाहीत. वर्षाचे गहू घ्यायचे तर त्याचा डबा जानेवारीपासूनच भरायला लागायचा. याला आमच्याकडे बजेट म्हणत नसत, बेगमी म्हणत.

हे सगळं डोळ्यांदेखत पाहूनही मी जर्मनीत आले ती कोरडीच. २०१९ चा ऑक्टोबर, शहर ब्रेमेन. जर्मन मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले होते. क्रियापदं चालवता येत होती, घरभाड्याचा करार वाचता येत नव्हता. इथे भाडं दोन तऱ्हेचं असतं. ‘काल्टमीट’ म्हणजे थंड भाडं, नुसत्या भिंतींचं. ‘वार्ममीट’ म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई धरून. या वरच्या खर्चासाठी दर महिन्याला तुम्ही देता ती रक्कम अंदाजाने ठरवलेली असते. खरा हिशेब वर्ष संपल्यावर होतो. कमी वापरलं तर पैसे परत, जास्त वापरलं तर बिल.

मला अर्थातच बिल आलं. ४१२ युरो. पहिल्या हिवाळ्यात मी हीटर पाचावर ठेवून खिडकी दिवसभर किलकिली उघडी ठेवत होते; फोडणीचा वास जावा म्हणून. शेजारच्या आजींनी नंतर हाताला धरून शिकवलं. हीटर बंद कर, खिडक्या सताड उघड, पाच-दहा मिनिटांत लाव. याला इथे ‘श्टोसल्युफ्टन’ असा भारदस्त शब्द आहे. म्हणजे मी वर्षभर ब्रेमेन शहर गरम करत होते आणि त्याचे पैसेही मीच भरले.

त्या काळात माझं डोकं एकच गणित करत असायचं. कशालाही हात लावला की ऐंशीने गुणायचं. इथे कोथिंबीर कुंडीतून विकतात, साधारण दोन युरोला. म्हणजे एकशेसाठ रुपयांची कोथिंबीर. मंडईत मिरच्या घेतल्या तर भाजीवाली वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकायची! कुंडी परत ठेवायची, आणि त्याच संध्याकाळी कंटाळा आला म्हणून पंचवीस युरोचं जेवण मागवायचं. त्याचा गुणाकार मात्र करायचा नाही. घराघरांवर लागणारी रेडिओ-टीव्हीची वर्गणी तेव्हा महिना १७.५० युरो, तीही तीन-तीन महिन्यांची एकदम. टीव्ही नसला तरी द्यावीच लागते, हे मला पत्र आल्यावर कळलं.

मग मी ॲप घेतलं. फार देखणं होतं, रंगीत गोल, त्याचे काप. महिनाअखेर ते मला सांगायचं की सर्वांत मोठा काप ‘इतर’चा आहे. पैसे गेल्यावर ते कुठे गेले याचा पंचनामा करून मिळत होता, एवढंच. डब्यांचं काम उलटं आहे, ते पैसे जायच्या आधी बोलतात. हे मला त्या ट्रंकेपाशी बसल्यावर उमगलं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी.

परत आल्यावर बँकेच्या खात्यातच डबे केले. एक तारखेला पगारातून रकमा आपोआप वेगळ्या होतात. भाडं, वर्षअखेरची बिलं, पुण्याचं तिकीट आणि देवाचे ११. ॲपमध्ये या शेवटच्यासाठी वर्गवारीच नव्हती. ‘दान’ होती, ‘भेटवस्तू’ होती. देव दोन्हींत बसेना.

डबे करणं सोपं, ते महिन्याला उघडून बघणं अवघड. त्यासाठी मी संकष्टीचा दिवस धरला. उपास असतो, स्वयंपाकाची घाई नसते, चंद्र उगवेपर्यंत तसंही काही सुचत नाही. साबुदाण्याची वाटी शेजारी घेऊन हिशेबाला बसते. डिसेंबरात हे मस्त जमतं, चंद्र सात-आठलाच उगवतो. ढगांमुळे दिसत नाही हा भाग वेगळा. वेळ बघून दिशेला नमस्कार करायचा. पण जूनमध्ये इथे सूर्यच मावळायला दहाच्या सुमारास येतो आणि संकष्टीचा चंद्र उगवेपर्यंत मध्यरात्र उलटते. सकाळी साडेसातला ट्रॅम गाठायची असते.

हा प्रश्न मी फोनवर मांडला, तर घरात दोन पक्ष पडले.

“स्थानिक चंद्रोदयच धरायचा असतो,” बाबा.

“अगं, पुण्याचा चंद्र धर आणि जेव,” आई. “सारसबागेतला गणपती काय तुझ्या घड्याळाकडे बघत बसलाय? इथे दहा वाजले की तुझ्याकडे किती?”

साडेसहा. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक. तेव्हापासून हिवाळ्यात ब्रेमेनचा चंद्र आणि उन्हाळ्यात पुण्याचा. सोयीची श्रद्धा म्हणा हवं तर. बाबा म्हणतातच.

देवाच्या डब्यात आणखी एक भर पडते, ती बाटल्यांची. इथे पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतली की वर २५ सेंट अनामत द्यावी लागते. रिकामी बाटली दुकानातल्या मशिनमध्ये घातली की तेवढ्याची चिठ्ठी मिळते. चिठ्ठीवर जेवढा आकडा येईल तेवढे मी देवाच्या डब्यात टाकते. नवरा शनिवारी पिशवी घेऊन निघाला की म्हणतो, “देवाच्या बाटल्या टाकून येतो.” शनिवारीच, कारण रविवारी दुकानं बंद. दुपारी एक ते चारची सवय असलेल्या माणसाला हे पचायला जड जाऊ नये, पण कांदा नेमका रविवारीच संपतो.

आईचा देवाचा डबा वर्षातून एकदा रिकामा व्हायचा, पालख्या पुण्यात मुक्कामाला यायच्या तेव्हा. माउलींची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. आई केळी आणि राजगिऱ्याचे लाडू घेऊन लक्ष्मी रस्त्यावर उभी राहायची, मला पिशवी धरायला नेऊन. यंदा मी माझा डबा रिकामा करून पैसे तिच्याकडे पाठवले. तिने व्हिडिओ कॉल लावला. अर्धा वेळ मला तिचा अंगठाच दिसत होता, मागे टाळ ऐकू येत होते, मधूनच कुणाची तरी डोक्यावरची तुळस.

रात्री परत फोन आला.

“ते पैसे आले ना, त्यातले तुझे किती आणि बाटल्यांचे किती?”

“का गं?”

“वहीत वेगळे लिहायचेत.”